केसातून फिरवलेली सुई

माझ्या सुनेचे ओठ जांभळे झाले होते आणि ती हसत होती.

"काय हासी राह्यनी व?" मी विचारलं.

"काही नही, आत्या," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली. बसली कसली, घसरली.

आम्ही तिघी एका केबिनमध्ये अडकलो होतो. मी, माझी सून आणि अहमदाबादहून आलेली इंजिनियर पोरगी. केबिन केवढी, तर तीन बाया आणि एक ट्रॉली कशीबशी उभी राहील एवढी. पुढे एक दार, मागे एक दार, दोन्ही बंद. लाइट गेली होती. छतातला पंखा थांबला होता. ट्रॉलीवर एक चौकोनी पेटी होती आणि भिंतीतल्या भोकातून एक पांढरी नळी त्या पेटीत शिरत होती. नळीतून गॅस येत होता. पेटीच्या दुसऱ्या अंगाला बारीक छिद्र होतं, तिथून तो फुस्स करत बाहेर पडत होता. बाहेर म्हणजे आमच्यात. त्याला ना वास, ना रंग.

पोरीने सुनेचं तोंड पाहिलं आणि तिचंच तोंड उतरलं.

"मासी, हा नायट्रोजन आहे," ती म्हणाली. "विष नाही, पण हा भरला की आपली हवा कमी होते. माणसाला कळत नाही. गुदमरत नाही, उलट बरं वाटतं. हसू येतं, मग झोप येते."

"मग उठतो का माणूस?"

ती पेटीकडे वळली.

"बंद कर," मी म्हटलं.

तिने पेटीवरच्या चावीवर हात ठेवला. फिरवली नाही. "पाच मिनिटं थांबू. लाइट येईल."

हे सगळं उधना या मागांच्या वस्तीतल्या एका शेडमध्ये झालं. शेठचा मूळ धंदा जरीच्या पन्नीचा. प्लास्टिकच्या पन्नीवर चकाकी चढवायची, तिच्या केसासारख्या पट्ट्या कापायच्या, मग तो धागा साड्यांच्या किनारीत जातो. माझी सून तिथे पट्ट्यांची रिळं तपासायला लागली आणि सात वर्षांत सुपरवायझर झाली. आमच्या लिंबायतच्या गल्लीत बाया घरी बसून साड्यांचे धागे कापतात, टिकल्या चिकटवतात. मीही तेच केलं. फॉल लावले, लेस लावली, नेटच्या ओढण्यांना किनार घातली. जमिनीवर बसून बसून गुडघे गेले. खुर्चीवर बसून काम करणारी आमच्या घरातली सून पहिली. तिचं नाव एका पाटीवर लिहिलेलं होतं, ती पाटी खिशाला लावून ती घरून निघायची. शेडमध्ये गेल्यावर लावली तरी चाललं असतं. पण ती घरूनच लावायची.

मी चौथी शिकलेली. घरात आम्ही अहिराणी बोलतो, लिहिताना शाळेतली मराठी लिहिते. लिहिलेलं सून वाचते. तिला न आवडलेलं मी खोडू देत नाही.

शेठला एक वेगळंच काम मिळालं होतं. अहमदाबादकडच्या एका कॉलेजात एक लहान उपग्रह बनत होता. त्यात बसणाऱ्या यंत्राला एक पांघरूण हवं होतं. वीस थरांचं. एक थर सोनेरी पन्नीचा, एक नेटचा, पुन्हा पन्नी, पुन्हा नेट. मी त्याला पहिल्या दिवसापासून गोधडीच म्हणाले. आकाशात एका बाजूने उन्हाचा चटका आणि दुसऱ्या बाजूने न सांगता येणारी थंडी, म्हणून यंत्राला पांघरूण. मशीनवर शिवलं की थर दाबले जायचे. थर दाबले की ऊब आरपार जाते, मग ती गोधडी काय कामाची? हाताने शिवायला घेतलं तर शेडमधल्या कारागिरांच्या हातून पन्नीला चुण्या पडायच्या. तेव्हा सून म्हणाली, माझ्या सासूला बोलावू का?

शेठ म्हणाला, "डोशीला? म्हातारीला दिसतं तरी का?"

मी गेले. त्याच्यासमोर सुई घेतली, दोरा ओवला. एकदाच. तो म्हणाला, ठीक आहे.

कामाची खोली काचेची होती. तिच्यात धूळ जाऊ नये म्हणून आधी त्या मधल्या केबिनमध्ये उभं राहायचं. मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नसे. छतातून जोराचा वारा यायचा, अंगावरची धूळ झटकली जायची, मग आत. आत पांढरा झगा, टोपी, तोंडाला पट्टी, हातात मोजे. बांगड्या नाहीत, टिकली नाही, मोबाइल नाही. दाताने दोरा तोडायचा नाही. मिश्री लावून यायचं नाही. मला सकाळी मिश्री लागते. पहिले चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही, शिंक आली तर खोलीबाहेर. काचेपलीकडे माणसं चहा पिताना दिसायची आणि मी आत. भुसावळला एकदा जत्रेत काचेच्या पेटीत ठेवलेला दोन डोक्यांचा बोकड पाहिला होता, त्याची आठवण यायची.

केसांना तेल लावायचं नाही हेही सांगितलं होतं. मी दोन वेळा शिकेकाईने न्हाले. पण पन्नास वर्षांचं तेल दोन वेळा न्हाऊन जातं का?

पोरगी आमच्याबरोबर सगळा दिवस असायची. पंचवीस-सव्वीस वर्षांची, हाडकुळी, चष्मेवाली. गुजराती बोलायची, मधेच हिंदी, मला समजावताना दोन्ही मिसळून. मी तिला विचारलं, हे यंत्र वर जाऊन करणार काय?

"हवा बघणार."

"हवा दिसते होय?"

"दिसते, मासी. फार वरची. विमान जातं त्याच्याही खूप वर. तिथली हवा इतकी पातळ असते की विमान तरंगत नाही, फुगा चढत नाही. आणि उपग्रह तेवढ्या खाली उतरला तर टिकत नाही, खाली ओढला जातो. म्हणून त्या हवेत बसून मोजता येत नाही. आणखी वरून, आडवं बघावं लागतं."

"आडवं म्हणजे?"

तिने टेबलावरचा नेटचा तुकडा उचलला. माझ्या डोळ्यांसमोर उभा धरला. आरपार दिसत होतं, नेट आहे असं वाटत नव्हतं. मग तिने तो आडवा केला आणि डोळ्यांच्या रेषेत आणला. कडेने बघितल्यावर नेट घट्ट पांढरं दिसलं.

"असं," ती म्हणाली. "पृथ्वीच्या कडेला ती हवा अशी गोळा झालेली दिसते. तिला स्वतःचा उजेड असतो, अगदी मंद. त्या उजेडाच्या रंगावरून हवा किती गरम आहे, किती पसरली आहे ते कळतं."

"म्हणजे पृथ्वीला किनार आहे."

"हो."

"साधी का जरीची?"

ती हसली. "हिरवी. आणि तिच्यावर पातळ लाल."

"म्हणजे लग्नातली," सून पट्टीआडून म्हणाली.

मी आणखी विचारलं, त्या हवेशी आमचं काय काम? ती आहे तिथे आहे, आम्ही इथे. तिने सांगितलं की सूर्य कधी कधी आग ओकतो, तेव्हा ती हवा तापून फुगते, वर चढते आणि तिथून फिरणाऱ्या उपग्रहांना ओढते. काही पडतात. फोनमधला रस्ता चुकतो. उलट इकडे खाली गरमी वाढत चालली तशी वरची हवा थंड होऊन आक्रसते, मग तिथला जुना मोडका कचरा खाली येऊन जळत नाही, तिथेच गोल गोल फिरत राहतो. मला तिचं सगळं समजलं असं नाही. पण कचरा उचलला जात नाही म्हणजे काय ते लिंबायतमधल्या माणसाला समजावावं लागत नाही.

यंत्राचा मुख्य भाग म्हणजे त्याचा डोळा. हातभर लांबीची काळी नळी आणि आत काच. ती पोरीने अहमदाबादहून मांडीवर घेऊन आणली होती, तान्हं मूल आणावं तशी. गोधडी त्या नळीलाच गुंडाळायची होती. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मासी, बोटाचा घाम, थुंकी, तेल, काहीही गोधडीला लागलं तर वर गेल्यावर त्याची वाफ होते. वाफ जाऊन काचेवर बसते. मग ऊन लागलं की ते करपतं, तपकिरी डाग पडतो. तिथे जाऊन पुसणार कोण?"

मी म्हटलं, समजलं. आणि खरंच समजलं होतं.

तिसऱ्या शिवणीला कोपरा आला. तिथे काठ दुमडलेला होता, वीसचे चाळीस थर झालेले. सुई अर्ध्यात अडकली. मी दाबली, ती वाकायला लागली. बाहेर काढली आणि माझा हात वर गेला. टोपी कानाच्या वर सरकली होती. सुई मी कानशिलाजवळच्या केसातून फिरवली आणि पुन्हा कोपऱ्यात घातली. सुळकन गेली.

आमच्याकडे शिवणारी प्रत्येक बाई हे करते. सुई अडली की केसातून फिरवायची. माझी आई करायची, गल्लीतल्या बाया करतात. त्यासाठी डोकं लागत नाही, हातच करतो. सुई पलीकडून ओढून घेतल्यावर मला कळलं काय झालं ते.

पोरगी पाठमोरी होती. सून समोर होती. टोपी आणि पट्टीच्या मधे तिचे फक्त डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडेच होते.

संध्याकाळी घरी आल्यावर ती भाकरीचं पीठ मळत म्हणाली, "तुम्ही काही केलं नाही. मी काही पाहिलं नाही."

"मी तिला सांगते."

"सांगा. मग ती गोधडी फेकतील, पन्नी पुन्हा मागवतील, दिवस जातील. शेठ मला विचारेल, तुझी सासू, तूच आणली. हे काम झालं की काचेची खोली माझ्या हातात देणार आहे तो. पगार नाही म्हणत मी. खोली. माझ्या हातात."

"आणि काच करपली तर?"

"आत्या, एक केस. एक सुई. केवढंसं तेल." मग पिठाचा गोळा उचलत म्हणाली, "कोणी जाऊन बघणार आहे का?"

तिच्या मागे गॅसच्या वरची खिडकी होती. तिच्या जाळीवर वर्षानुवर्षांच्या फोडणीचा तपकिरी, चिकट थर होता. आम्ही दोघी तिकडे बघत नव्हतो.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि एक पडवी. मुलगा रिक्षावर असतो, तो रात्री उशिरा येतो. सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघीच. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं की खोली किती लहान आहे. पाठ फिरवली तरी ती असायची. शेडमध्ये काचेत बंद, घरी तिच्यासमोर बंद, रिक्षात तिच्या मांडीला मांडी लावून बंद. कुठेही तोंड उघडायला जागा नाही. पोरगी दुपारी आमच्याबरोबर चहा प्यायची आणि म्हणायची, मासी, तुमचे टाके मशीनपेक्षा सरळ आहेत. मी चहा प्यायचे.

शेवटच्या दिवशी शेडला रजा होती. आम्ही तिघी आणि बाहेर चौकीदार, बाकी कोणी नाही. शेठ गाडी आणायला गेला होता. सकाळी गोधडी डोळ्याला गुंडाळली, फिती बांधल्या आणि पेटीत ठेवली. सुयांचा डबा बरोबर ठेवला, कारण किती सुया आत गेल्या आणि किती बाहेर आल्या ते दाखवावं लागतं. नळी जोडली. काचेवर काही लेप असतो, त्याला आपली दमट हवा चालत नाही म्हणून पेटीत सतत हा कोरडा गॅस सोडून ठेवायचा. दुपारी निघताना पोरीने चावी जास्त उघडली, आतली उरलीसुरली हवा धुऊन निघावी म्हणून. केबिनलाही नळीचं भोक होतं. ट्रॉली केबिनमध्ये घेतली, आतलं दार लावलं आणि बाहेरचं उघडणार तेवढ्यात लाइट गेली.

उधन्यात लाइट गेलेली कानाला आधी कळते. आजूबाजूचे माग एकदम थांबतात. ती शांतता आम्ही थोडा वेळच ऐकली, मग शेजारच्या शेडचं जनरेटर सुरू झालं. असं की आमची भिंत थरथरत होती.

पोरीने बाहेरचं दार ढकललं. उघडलं नाही. आतलं ढकललं. तेही नाही.

"लाइट गेल्यावर कुलूप सुटायला पाहिजे," ती म्हणाली.

"सुटत होतं," सून म्हणाली. "मागच्या महिन्यात लाइट गेली तेव्हा कोणीतरी दोन्ही दारं एकदम उघडली, धूळ आत गेली. म्हणून शेठने कुलपांना बॅटरी लावली."

"किती वेळ चालते?"

"संध्याकाळपर्यंत."

भिंतीवर लाल बटण होतं, अडचणीत दाबायचं. दाबलं. पुन्हा दाबलं. सून म्हणाली, "त्याची वायर काढलेली आहे. येता-जाता दाबायचे सगळे." हे सांगताना तिचा आवाज लहान झाला. खोली हातात यायची होती, पण देखरेख आतापासूनच तिची होती.

आम्ही ओरडलो. दारावर मुठी मारल्या. दारातली काच म्हणजे जाड प्लास्टिक होतं, त्याला ओरखडा गेला नाही. जनरेटरपुढे आमचा आवाज काय. मोबाइल तिघींचे बाहेरच्या कपाटात. एक वाजतही होता, कपाटाच्या फटीतला त्याचा उजेड दारातल्या प्लास्टिकमधून दिसत होता.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. डोकं जड झालं. मला वाटलं उकाड्याने. मग सून हसायला लागली.

तर पोरीचा हात चावीवर होता आणि ती फिरवत नव्हती.

"लेप जाईल, मासी," ती म्हणाली. "तीन माणसांचा श्वास आहे इथे, सगळी ओल आत जाईल. चार वर्षं लागली. दुसरा डोळा नाही आमच्याकडे. पाच मिनिटं, प्लीज."

ती वाईट नव्हती. तिला हिशेब कळत नव्हता असंही नाही, तिनेच मला सांगितला होता. पण तिलाही थोडं थोडं ते बरं वाटणं सुरू झालं असावं. तिची जीभ जड झाली होती. मी हात पुढे केला तर तिने चावी मुठीत धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोर आहे.

मी म्हटलं, "तुझा डोळा आधीच खराब झालाय."

खाली बसलेल्या सुनेने डोळे उघडले. "आत्या, गप ऱ्हा."

"मी सुई केसातून फिरवली," मी पोरीला म्हटलं. "कोपऱ्याच्या शिवणीला. तीच गोधडी सकाळपासून डोळ्याला गुंडाळलेली आहे. कशाला वाचवतेस?"

"खोटं बोलता. बंद करावं म्हणून बोलता."

"हिला विचार."

पोरीने सुनेकडे पाहिलं. सुनेचे डोळे मिटत होते. मला वाटलं ही आता काही बोलणार नाही, आणि बोलली नसती तर मी दोष दिला नसता. तिच्या खिशावर ती पाटी होती.

"खरं आहे," सून म्हणाली. "मी पाहिलंय."

पोरीने चावी फिरवली. फुस्स थांबलं.

"आठ दिवस तुम्ही माझ्याबरोबर चहा पीत होता," ती म्हणाली.

"हो, पीत होते."

गॅस थांबला म्हणून हवा येत नाही. येणार कुठून, सगळीकडे रबर. दाराच्या चारी कडांना काळं रबर बसवलेलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. मी गुडघ्यांवर बसले आणि बाहेरच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. दोन रबरं जिथे मिळत होती तिथे सांधा लागला. जिथे सांधा असतो तिथे उसवता येतं.

"सुयांचा डबा दे. वाकडी सुई."

पोरीने डबा उघडला. निम्म्या सुया सांडल्या. मी वाकडी सुई घेतली, सांध्यात घातली, रबराचं टोक उचकलं. डिंकाने चिकटवलेलं होतं. सुई मोडली. दुसरी घेतली. नखाएवढं टोक वर आल्यावर मोजा फेकून दिला, चिमटीत धरून ओढलं. आधी येईना. मग चुकलेली शिवण निघते तसं फर्रकन निघालं, हातभर. दाराखाली करंगळी जाईल एवढी फट झाली.

सुनेला पोरीने आणि मी ओढून आणलं. तिची हनुवटीवर उतरलेली पट्टी काढली आणि तोंड त्या फटीला लावलं. डोकं धरून ठेवावं लागलं, नाहीतर ते कलंडत होतं. मी तिच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. एरवी सासूने सुनेला मारलं तर गल्ली जमते. बऱ्याच वेळाने ती खोकली आणि मग तिथेच ओकली.

"मनं डोकं फुटी राह्यनं," ती म्हणाली.

"फुटू दे. श्वास घे."

मग पोरगी, मग मी, मग पुन्हा सून. तिघी फरशीवर पालथ्या, एका फटीला. बाहेरची हवा कपडे बदलण्याच्या खोलीतली होती, चपलांच्या वासाची. मी तशी हवा आधी कधी घेतली नव्हती असं म्हणणार नाही, रोजच घेतो. पण त्या दिवशी पाळी लावून घेतली.

फटीतून ओरडलो तरी कोणी येईना. पोरगी उठली, पेटी उघडली, गोधडी सोडवली आणि माझ्यापुढे टाकली. "उसवा," ती म्हणाली. "मोठी पट्टी काढा. चमकेल."

माझी शिवण मीच उसवली. लागलेल्या दिवसांच्या मानाने फार पटकन उसवली. सोनेरी पन्नीची लांब पट्टी निघाली, ती फटीतून बाहेर सरकवली आणि हलवत राहिलो. आत, बाहेर, डावीकडे, उजवीकडे. एकीचा हात दुखला की दुसरी घ्यायची.

चौकीदार चहा पिऊन आला. नंतर तो सगळ्यांना सांगायचा की त्याने दाराखाली साप पाहिला, पिवळा धमक. तो काठी घेऊन आला आणि त्याने पट्टीवर दोन-तीन वेळा काठी हाणली. पट्टी आत ओढली गेली तशी तो वाकला. त्याला फटीत तीन तोंडं दिसली.

"अरे, तुम लोग नीचे क्या कर रहे हो?" त्याने विचारलं.

सुनेने त्याला बॅटरी कुठे आहे ते सांगितलं. त्याने वायर उपटली. दार उघडलं.

शेठ आला तेव्हा आम्ही अंगणात बसलो होतो. त्याने आधी विचारलं, माल ठीक आहे ना? पोरीने कागद मागितला. मग तिने त्यावर सगळं लिहिलं. बॅटरी लिहिली, बटण लिहिलं, नळी आपणच जास्त उघडली आणि वेळेवर बंद केली नाही हेही लिहिलं. सुईही लिहिली. शेठने त्यातलं सुईचं तेवढं वाचलं.

सुनेची पाटी गेली. तिला पुन्हा रिळं तपासायला बसवलं. थोड्या महिन्यांनी ती दुसऱ्या शेडमध्ये लागली, तिथे उभ्याने काम असतं. काचेच्या खोलीत शेठने रिळांची खोकी भरली. सून माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलली. आता बोलते. मी केसांना तेल लावायला बसले की म्हणते, "आत्या, सुई आणू का?" हा टोमणा मरेपर्यंत चालेल. चालू दे.

डोळा त्यांनी उघडून धुतला, काचेला नवीन लेप दिला. त्यांची वर जायची पाळी हुकली, दुसऱ्या रॉकेटची वाट बघावी लागली. नवी गोधडी दुसऱ्या कोणीतरी शिवली. त्यानंतर पोरीचा एकदा फोन आला. तिने मोबाइलवर चित्र पाठवलं होतं. काळ्या अंगावर एक वाकडी रेघ, हिरवी, आणि तिच्यावर लालसर काहीतरी, नीट बघितलं तर दिसेल न दिसेल असं.

"ही ती किनार," ती म्हणाली. "डाग नाही, मासी. तुम्ही बोलला नसता तर वर गेल्यावर कळलं असतं."

"मी बोलले ते त्यासाठी नाही," मी म्हटलं. "तू चावी सोडावी म्हणून बोलले."

"माहीत आहे."

"लाइट असती तर बोलले असते की नाही, मला माहीत नाही."

ती म्हणाली, तेही माहीत आहे. मग तिने सुनेला फोन द्यायला सांगितलं. सून पडवीत जाऊन बोलली, काय बोलली ते मला सांगितलं नाही. चित्र मात्र तिने तिच्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवलं आहे.

त्या केबिनमध्ये आम्ही तिघी होतो. पोरगी अहमदाबादला आहे. सून आत भाकरी थापते आहे. मी हे लिहिते आहे. तिघी वाचलो.